पंचवीस शब्दांची मुभा

नवऱ्याला पत्र लिहायचं तर पंचवीस शब्दांत लिहा, वर एक शब्द चालणार नाही, असं साताऱ्यातल्या एका ऑफिसच्या कारकुनाने मला सांगितलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि माझी जीभ फार सुटी होती. मी त्याला विचारलं, "तुमी बायकूसंगं दिसाला किती शब्द बोलता?" तो म्हणाला, "बाई, नियम माझा नाही." पुढे हेच वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की तो नियम नेमका कुणाचा, याचा मला आज म्हातारपणीही पत्ता लागलेला नाही.

आमचे मालक पलटणीत शिपाई होते. सिंगापूर पडलं तेव्हा ते तिथेच होते. आधी सरकारी कागद आला, बेपत्ता म्हणून. मग वर्ष उलटून गेल्यावर एक छापील कार्ड आलं. त्यावर इंग्रजीत एवढंच होतं की मी युद्धकैदी आहे आणि माझी तब्येत चांगली आहे. त्यांच्या हातची फक्त सही. सही मोडीत होती आणि शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली होती, म्हणजे ती त्यांचीच. कार्ड यायला दहा महिने लागले होते. सही करताना माणूस जिवंत होता एवढं त्यावरून कळलं, आणि तेवढ्यावर आम्ही घरात गोडाचं केलं.

आमचं गाव कडेगावपासून दोन कोसांवर. शाळेतल्या मास्तरांनी चावडीपाशी कार्ड वाचून अर्थ सांगितला, युद्धकैदी. संध्याकाळपर्यंत त्यातलं युद्ध गळून पडलं आणि नुसता कैदी उरला. दुसऱ्या दिवशी विहिरीवर एक बाई मला हळूच म्हणाली, "काय केलं हुतं गं त्यानं?" आमच्या भागात कैदी म्हणजे पायात बेडी घातलेला दरोडेखोर. त्या वर्षी गावोगावची पोरं सरकारविरुद्ध उठून तुरुंगात जात होती, माझा आष्ट्याचा सख्खा भाऊ त्यात होता, पण त्यांना कुणी कैदी म्हणत नव्हतं. ती 'आत गेलेली' माणसं. कैदी हा शब्द माझ्या नवऱ्याच्या वाट्याला आला.

मी काही बोलायच्या आत माझ्या सासूबाईंनी घागर खाली ठेवली. "काय केलं इचारतीस?" त्या म्हणाल्या. "बंदूक धरून हुबा ऱ्हायला. तुजा दादला कवा ऱ्हायला असंल तर सांग." त्यानंतर विहिरीवर तो विषय निघाला नाही.

सासूबाई एरवी मऊ बाई. या एका गोष्टीवरच त्या अशा पेटायच्या, त्याला कारण होतं. माझे सासरे पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे लढायला गेले होते आणि तुर्कांच्या हाती सापडले होते. त्यांचं दोन वर्षं एक अक्षर आलं नाही. शेवटी भावकीने बसून ठरवलं की माणूस गेला. दर्भाचा पुतळा करून जाळला, तेरावं घातलं आणि सासूबाईंचं कुंकू पुसलं. त्या तेव्हा सतरा वर्षांच्या. पुढे लढाई संपली आणि सासरे आपल्या पायांनी घरी आले. दारात पांढऱ्या कपाळाची बायको बघून ते म्हणाले, "कोन मेलं?"

एक पत्र आलं असतं तर ते दीड वर्ष माझ्या कपाळाला डाग लागला नसता, असं सासूबाई म्हणायच्या. म्हणून कार्ड आल्यावर त्या मला म्हणाल्या, "तू लिव्हत ऱ्हा आन त्याचं काय आलं गेलं त्येचा पत्ता लाव. भावकी माज्या दारात आली तर मी बगते." भावकी अजून आली नव्हती, पण पुढचं कार्ड येत नव्हतं आणि कुजबुज सुरू झाली होती. माझ्यापुढे प्रश्न साधा होता. पत्र गेलं आणि आलं, तर मी सवाष्ण. नाही तर सासूबाईंचीच गत.

त्याच सुमाराला भावाच्या खटल्यासाठी वकील गाठायला मी मामंजींबरोबर, म्हणजे सासऱ्यांबरोबर, सांगलीला गेले होते. परत येताना मिरज स्टेशनात एक गाडी उभी होती. खिडक्यांतून गोरी माणसं. इटलीचे धरलेले शिपाई, कुठल्याशा छावणीत चालले होते. राखणीला आपलाच एक शिपाई होता, बोलण्यावरून आमच्याच बाजूचा. खिडकीशी बसलेला एक कैदी मांडीवर पाटी घेऊन पत्र लिहीत होता. एक पान भरलं, ते खाली ठेवून त्याने दुसरं घेतलं. मी बघतच राहिले.

"एवडं लिव्हू देता त्येला?" मी शिपायाला विचारलं.

"द्यावंच लागतं, वैनी. हक्क हाय त्येंचा. कायदा हाय तसा, साऱ्या राज्यांनी मिळून केल्याला."

मामंजींनी त्या कैद्याला तांब्याने पाणी दिलं आणि आपल्या चंचीतली तंबाखूही दिली. त्याने हात जोडले, आमच्यासारखेच. मला त्याचा राग आला नाही. मला त्याच्या बायकोचा हेवा वाटला, कुठल्या मुलखातली कोण असेल ती. आणि हक्क हा शब्द कैद्याला लागू शकतो हे मला त्या फलाटावर पहिल्यांदा कळलं.

घरी येऊन मी चार पानी पत्र लिहिलं. माझे वडील शाळामास्तर, त्यामुळे मला बालबोध, म्हणजे देवनागरी, आणि मोडी दोन्ही येत होतं. पत्र घेऊन आम्ही साताऱ्याला, कैदी शिपायांच्या घरची पत्रं घेत त्या ऑफिसात, गेलो. तेव्हा मोटारी कोळशावर चालायच्या. मागे भट्टी बांधलेली असायची आणि चढ आला की सगळ्यांनी उतरायचं. ऑफिसात पोचलो तेव्हा माझं लुगडं काळं झालं होतं आणि डोकं तापलेलं होतं. तिथल्या कारकुनाने माझी चार पानं नुसती चाळली, परत दिली आणि पंचवीस शब्दांचं सांगितलं.

कारकून वाईट माणूस नव्हता. स्वतः पलटणीत लिखापढीचं काम करून आलेला, चष्म्याचा. त्याने आम्हाला बसवून समजावलं. कैद्यांना कसं वागवायचं, काय खायला द्यायचं, काय काम लावायचं नाही, पत्रं कशी पोचवायची, याचा करार जिनिव्हा नावाच्या गावी झाला. जपानने सही केली, पण मायदेशी जाऊन ती पक्की केली नाही. आता ते म्हणतात, आम्ही जमेल तसा पाळू. "त्यातून ही पंचवीस शब्दांची मुभा मिळाली, हेच पुष्कळ समजा," तो म्हणाला.

"मुभा?" मी म्हटलं. "मिरजंला तर हक्क म्हनत हुते."

तो टेबलावरचे कागद आवरू लागला. परतीच्या मोटारीत मामंजी खिडकीशी बसले होते. मग एकदम म्हणाले, "साखरपुडा केला आन लगीन लावलं न्हाई. आता पोरीला नांदवा म्हनलं तर जमंल तसं नांदवू म्हनत्यात."

मामंजी आपल्या कैदेबद्दल कधी बोलत नसत. गावात ते 'मी तिकडं अडकलो हुतो' एवढंच सांगायचे. त्या दिवशी कऱ्हाडच्या अलीकडे मोटार चढाला थांबली, आम्ही उतरून चालू लागलो आणि ते आपणहून बोलले. "आमास्नी वाळूतनं चालवत न्हेलं. गोऱ्या सायबास्नी बोट आन गाडी, आमास्नी काठी. कायदा कुटंतरी असंलच, पन खांद्यावरचं हुद्द्याचं चांद मोजून लागू व्हायचा." मग तुर्कांनी त्यांच्याकडून रेल्वेचे रूळ टाकून घेतले. "त्याच रुळांवरनं तोफा गेल्या, सूनबाई. आपल्याच पलटनीवर डागायला. माज्या हातानं टाकल्यालं रूळ." त्यांनी दोन्ही हात पुढे धरून बघितले. "म्हनून मी पोराला जाताना सांगितलंय. धरला गेलास तर नाव सांग, नंबर सांग, पन दारूगोळ्याला हात लावू नगंस. कैद्याला त्ये लावाय येत न्हाई."

मला त्यांची दया आली नाही, राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. घरी पोचेपर्यंत मला युक्ती सुचली होती.

मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, हात उचलायचा नाही. कुठे एक शब्द संपला आणि दुसरा लागला ते वाचणाऱ्याने ओळखायचं. वडिलांनी मला शिकवताना सांगितलं होतं की मोडीत ओळ तुटत नाही. मग ओळ हाच एक शब्द. मी कार्डावर बारीक टाकाने बारा ओळी लिहिल्या, घरचं, शेताचं, मनातलं, सगळं. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या हसून हसून रडल्या.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा त्या टेबलासमोर उभी. मामंजी दारापाशी बाकावर बसले.

"हे काय?" कारकुनाने विचारलं.

"पत्र. बाराच शब्द हायत. तेरा तुमास्नी सोडलं."

त्याने चष्मा सारखा केला आणि ओठ हलवत सगळं कार्ड वाचलं. मधे एका ठिकाणी तो थांबला आणि पुन्हा मागे गेला. वाचून झाल्यावर म्हणाला, "मला मोडी येते, बाई. हे शंभराच्या वर आहेत."

"कुटं तुटलंय दाखवा."

"तुटलेलं नाही," तो म्हणाला. "पण मी पाठवलं तरी पुढे मोडी वाचणारा कोण बसलाय? त्याला वाचता येणार नाही ते तो बाजूला टाकणार. काही गुप्त लिहिलंय असा संशय आला तर त्या थैलीतली सगळीच पत्रं टाकील. तुमच्यासारख्याच बायकांची पत्रं आहेत त्यात."

हे मात्र मला लागलं. मी खाली बसले. मी भांडायला आले होते ती स्वतःसाठी. दुसरीच्या कपाळाचा विचार माझ्या मनात आला नव्हता, आणि त्याची मला लाज वाटली. लाज वाटली की मला आणखी राग येतो, तो माझा जुना स्वभाव.

"बरं," मी म्हटलं. "तितं जपानी हाय, त्येनं लगीन लावलं न्हाई, म्हनून सोसते. पन माजा भाऊ आठ म्हैनं आत हाय. हितं, आपल्या मुलखात, तुमच्याच सरकारच्या तुरुंगात. पंचवीस ऱ्हाऊ द्या, पाच शब्द आलं न्हाईत त्येचं. तुमच्या सरकारनं तर सही पक्की केलीया न्हवं?"

कारकुनाने दाराकडे बघितलं. "हळू बोला. तो युद्धकैदी नाही, बाई. त्याला हा कायदा लागत नाही."

"म्हंजी त्येनं परक्याची बंदूक धरून तुमच्यावर झाडली असती, तर त्येला पत्र मिळालं असतं?"

त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. दारापाशी मामंजी उभे राहिले होते. मला वाटलं ते मला गप्प करतील, पण ते म्हणाले, "सायेब, पोरीनं इचारलंय. उत्तर द्या नायतर कोरं कार्ड द्या."

त्याने कोरं कार्ड पुढे सरकवलं. "बालबोधीत लिहा," तो म्हणाला. "ठळक आणि सुटं."

मी तिथेच बसून लिहिलं. शंभर शब्द लिहायला मला एक दुपार पुरली होती, या पंचवीसांना तेवढाच वेळ लागला. आधी मी सगळी माया काढून टाकली, कारण ती त्यांना माहीत होती. मग रडगाणं काढलं. उरलं ते असं.

मी आहे. घरचे सगळे बरे. तांबडी व्याली, कालवड झाली. आंबा मोहरला. तुम्ही कैदी आहात, चोर नव्हे. हक्काचं मागा. मान खाली घालू नका. कुंकू आहे. वाटबघते.

कारकून पेन्सिलीच्या टोकाने मोजू लागला. 'हक्काचं मागा' वर तो अडला. "हे काळं करतील. इथेच करतील किंवा तिकडे करतील."

"करू द्या. काळं करायला आदी वाचावं लागंल."

तो पुढे मोजत गेला. शेवटच्या शब्दाशी पेन्सिल थांबली. 'वाट' आणि 'बघते' हे बालबोधीत दोन शब्द आहेत हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. मी वरची रेघ मोडीसारखी एका दमात ओढली होती. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी नजर काढली नाही.

"पंचवीस," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

त्यानंतर मी मिळेल तेव्हा कार्डं पाठवत राहिले, एकूण अकरा. उत्तर एकाचंही नाही. भावकी एकदा आलीच, ओसरीवर बसली, आणि इतकी वर्षं झाली, रीत बघायला हवी, असं थोरल्याने सुरू केलं. सासूबाई करंडा घेऊन बाहेर आल्या, त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या कपाळावर बोटभर कुंकू लावलं आणि "च्या घेऊन जावा" म्हणाल्या. भाऊ मधल्या काळात सुटला. सुटल्यावर त्याने मला सहा पानी पत्र लिहिलं, निम्म्यात नुसती थट्टा. त्याच्याकडे साठलं होतं.

लढाई संपली त्यानंतरच्या थंडीत मालक आले. कडेगावपासून चालत आले. अंगाची नुसती हाडं उरली होती. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. ते सगळ्यांशी बोलत होते, पण डावा हात काही खिशातून काढत नव्हते. मी ते बघितलं आणि विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर आम्ही चौघंच होतो. त्यांनी उजव्या हाताने खिशातून एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. माझंच. जपान्यांनी हार मानल्यावर त्यांना, ज्या लांबच्या बेटावर कामाला नेलं होतं तिथून, सिंगापुरात आणलं, तिथे एका गोदामात पत्रांच्या थैल्या छपरापर्यंत रचलेल्या सापडल्या. सगळ्या मुलखांची पत्रं, कुणाला न दिलेली. ते आणि त्यांचे सोबती तीन दिवस तो ढीग उपसत होते. माझ्या अकरांतलं हे एक सापडलं. म्हणजे ते वर्षभर तरी तिथे पडून होतं, आणि मी इथे शब्द मोजत होते. तो सगळा राग मला आजही आवरता येत नाही, आणि मी आवरतही नाही.

"पंचवीसाचा नियम हुता म्हनं," ते म्हणाले. "मी मोजलं. ह्यो काळा डाग दोनाचा धरला तर सव्वीस हुत्यात."

"व्हय. शेवटचा मी जोडून घातला."

ते हसले. बऱ्याच वर्षांनी मी ते हसणं बघत होते. मग त्यांनी काळ्या शाईच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "हितं काय लिव्हलं हुतंस? लय दिस इचार केला. उजेडावर धरून बगितलं."

"हक्काचं मागा," मी म्हटलं.

त्यांनी पट्ट्यावरचं बोट उचललं. मग त्यांनी डावा हात खिशातून काढून मांडीवर ठेवला. अंगठा सोडून चारही बोटं मुळातून वाकडी झालेली, तशीच जुळलेली.

"मागितलं हुतं," ते म्हणाले. "बेटावर बाँबच्या पेट्या उचला म्हनलं. मी हातवारं करून सांगितलं, कैद्याला दारूगोळा उचलाय लावता येत न्हाई. दोनदा सांगितलं. मग बंदुकीच्या दस्त्यानं." त्यांनी हाताकडेच बघत सांगितलं.

मामंजी, मालकांचे दादा, खांबाला टेकून बसले होते. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "मग? उचलल्यास?"

"येका हातानं पेटी उचलत न्हाई, दादा."

मामंजी उठले, जवळ येऊन बसले आणि त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ते रूळ टाकलेले हात होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी तो सोडला नाही आणि कुणी त्यांना सोडा म्हटलंही नाही.

मी आत जाऊन दौत आणि टाक आणला. कार्डावर त्या काळ्या पट्ट्याच्या बरोबर खाली थोडी जागा होती. तिथे मी आधी रेघ ओढली आणि तिला ते दोन शब्द पुन्हा टांगले, मोडीत, हात न उचलता, मधे कुठे न तोडता. कार्ड अजून माझ्यापाशी आहे. पट्ट्याची शाई आता विटली आहे, माझी अजून काळी आहे.